झाकणावरची ओळ

३ जून

भाऊजींना नमस्कार.

हे पत्र कामाचं आहे. ताई गेल्यापासून मी तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही आणि आताही आपणहून लिहिलं नसतं. पण कचेरीचा तगादा आहे. घशाच्या ऑपरेशनात ताईचा आवाज गेला तेव्हा मी तुम्हा दोघांना आमच्या कंपनीच्या घडीच्या फोनची जोडी पाठवली होती. निरोप लिहिण्यासाठीच बनवलेला, झाकणाचा, मोठ्या बटणांचा. नोकरांच्या नातेवाइकांना तो एका अटीवर मिळतो: वापरून झाल्यावर आपलं मत लेखी कळवायचं. ताईनं तिचं मत पहिल्या वर्षीच पाठवलं. तुमचं अजून आलेलं नाही. आता फोनची नवी आवृत्ती निघायची आहे आणि काल साहेबांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, “घरच्याच माणसाचं मत येत नाही, तर बाहेरच्यांनी का लिहावं?”

मतं गोळा करणं, ती लावणं आणि लोकांना उत्तरं पाठवणं हेच माझं काम. लोक काय वाटेल ते लिहितात. एकानं लिहिलंय, ‘भांडण झाल्यावर झाकण खाडकन आपटता येतं, हा या फोनचा सर्वांत मोठा गुण.’ एका सूनबाईंनी लिहिलंय, ‘बटणं इतकी मोठी आहेत की आता सासऱ्यांनाही निरोप पाठवता येतात. कृपया बारीक करावीत.’ एक आजी म्हणतात, ‘फोन चांगला आहे, पण कोणाचा निरोपच येत नाही. तेवढी दुरुस्ती करून द्यावी.’ तेव्हा तुम्ही काहीही लिहिलंत तरी चालेल. चार ओळी पुरेत. एरवीही तुम्ही तेवढंच बोलता.

आई बरी आहे. दर रविवारी मी तिच्याकडे जाते. ताईसाठी आवरून ठेवलेली खोली तिनं अजून तशीच ठेवली आहे. ती तुमची चौकशी करत नाही, म्हणून तिच्याकडून काही लिहीत नाही.

धाकटी


११ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. कामाचं का असेना, आलं हे बरं झालं. उत्तराला उशीर झाला, कारण मत कसं लिहितात हे मला ठाऊक नाही. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासला की ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच लिहायचं असतं.

फोन योग्य आहे.

एवढ्यावर तुझे साहेब ऐकायचे नाहीत, म्हणून पुढे लिहितो. माझ्या कामात हात सतत ओले असतात, बहुधा रबरी मोज्यांत असतात. साध्या फोनवर निरोप आला तर मोजे काढा, हात पुसा, बटणं दाबा, पुन्हा मोजे चढवा, असा खटाटोप. या फोनला तसं नाही. मी तो मोरीवरच्या फळीवर, रिकाम्या बाटलीला टेकवून मिटलेलाच उभा ठेवतो. निरोप आला की झाकणावरच्या खिडकीत उजेड पडतो आणि ओळ दिसते. ती वाचायची, बाजूचं बटण कोपरानं दाबायचं, ओळ जाते. फोन उघडावाच लागत नाही. ही फार मोठी सोय आहे. ज्यानं कोणी हे सुचवलं त्याचं कौतुक करावं.

घरीही तसंच. ती पुढच्या खोलीत खुर्चीवर, मी स्वयंपाकघरात. माझ्या खिशात फोन थरथरला की झाकणावर वाचायचं आणि तिथूनच तोंडानं उत्तर द्यायचं. तिचे कान चांगले होते. लिहावं लागे ते तिला, मला नाही. म्हणून उलट निरोप पाठवण्यासाठीसुद्धा मला तो कधी उघडावा लागला नाही. कोणाचा फोन आला तर तेवढा उघडत असे.

एक गोष्ट सांगू की नको असं झालं होतं. ती फोनची तक्रार नाही. तुझी ताई बोलायला कशी होती ते तुला सांगायला नको. बसच्या चौकशीच्या खिडकीवर इतकी वर्षं बसली. पाचची गाडी किती वाजता सुटते असं विचारणाऱ्यालासुद्धा तिनं कधी हिडीसफिडीस केलं नाही, उलट त्याच्या घरची चार माणसं विचारून घेतली. तिचे निरोप मात्र तार केल्यासारखे. ‘येताना दूध आणा’. ‘शेजारीण आली होती’. ‘आज जरा बरं वाटतंय’. कधी तर वाक्यही पुरं नसे. एकदा नुसतं ‘मला तुमचा राग’ एवढंच आलं. मी पुढे बरेच दिवस जपून वागलो. मला वाटे, बटणं दाबून तिचा जीव मेटाकुटीला येत असेल. म्हणून ‘आणखी लिही’ असं मी तिला कधी म्हटलं नाही.

एवढं पुरे व्हावं. बटणांचं मला काही सांगता येणार नाही, कारण ती मी फारशी दाबलीच नाहीत.

खोलीचं वाचून मन कसंसंच झालं. आईंनी तिच्यासाठी खोली आवरून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊजी


१५ जून

भाऊजी,

तुमचं पत्र मी कचेरीत उघडलं. वाचलं, उठले, जिन्यात जाऊन उभी राहिले आणि पुन्हा वाचलं.

एकच विचारते. निरोप आला की झाकण उघडून तो पुरा वाचत होता ना? तुम्ही लिहिताना काहीतरी गाळलंय, एवढंच ना?

खोलीचं ताईनं तुम्हाला कळवलं होतं. तुम्हाला लिहून झाल्यावर तिनं मलाही तसं कळवलं होतं.

लगेच उत्तर द्या. आणि तोवर तो फोन उघडून काहीही दाबू नका. कृपा करा.

धाकटी


१९ जून

चि. धाकटीस,

पुरा म्हणजे काय ते मला कळलं नाही. ओळ येते. ती मी पुरीच वाचतो.

फोन उघडल्यावर आत एका पाकिटाचं चित्र दिसतं आणि त्याच्यावर आकडा असतो. तो वाढत जाई. आजवर आलेल्या निरोपांची ती बेरीज असावी असं मी धरून चाललो. त्या चित्रावर मी कधी बोट ठेवलं नाही. आलेला निरोप एकदा वाचल्यावर आत जाऊन पुन्हा कशाला बघायचा?

खोलीबद्दल आठवून पाहिलं. एकदा झाकणावर ‘आईकडची खोली’ असं आलं होतं. तेवढंच. मला वाटलं, लहानपणची आठवण आली असेल. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, “हो, छान खोली आहे.” मग बाहेर आलो तर ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मी विचारलं, “काय गं?” तिनं हात हलवून ‘काही नाही’ असं केलं.

तू उघडू नका म्हणालीस म्हणून उघडलेला नाही. फोन फळीवर आहे. आज नमुने तपासताना त्याच्याकडे माझी पाठ होईल असा उभा राहिलो. काय झालं आहे ते लिही.

भाऊजी


६ जुलै

भाऊजी,

इतके दिवस लावले, कारण मला आधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती आणि नंतर धीर होत नव्हता.

झाकणावर फक्त पहिली ओळ दिसते. निरोप चार ओळींचा असो की चाळीस, बाहेर एकच. बाकीचा आत असतो. पुढे मजकूर आहे हे कळावं म्हणून ओळीच्या टोकाला तीन ठिपके असतात, पण ते इतके बारीक आहेत की खिडकीच्या कडेत बुडतात. हे मला माहीत होतं, भाऊजी. माझ्या कपाटात या तक्रारीचा गठ्ठा आहे. एका शिंप्यानं लिहिलंय, ‘गिऱ्हाइकाचं बाह्या आखूड करा एवढंच दिसलं, पुढे म्हटलं होतं ते विसरा असं होतं. सदरा गेला.’ एका बाईंनी लिहिलंय, ‘मुलाचा निरोप, मी घरी येतोय. मी दार उघडून बसले. आत लिहिलं होतं, असं समजू नकोस.’ या सगळ्यांना उत्तर मीच पाठवलं. छापील. ‘हा दोष नसून रचनेचा भाग आहे. पूर्ण मजकुरासाठी झाकण उघडावे. आपल्या मताबद्दल आभार.’ खाली माझी सही. शिंप्याचं पत्र तर मी मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं आणि आम्ही हसलो होतो.

मग ताईचं मत काढून वाचलं. तेव्हा मी ते नुसतं तारीख टाकून लावून ठेवलं होतं. ती लिहिते, ‘फोन उत्तम. तोंड गेलं पण बोलणं राहिलं. बटणं हाताला गोड लागतात आणि मी दिवसभर बडबडते. एकच अडचण: समोरचा माणूस दहा गोष्टींतल्या एकीलाच उत्तर देतो. पण ती त्याची जुनी खोड आहे. त्याला फोन काय करणार?’

आता जे लिहायचं ते लिहिते.

दुसरं ऑपरेशन ताईला नको होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की गाठ पुन्हा आली आहे, केलं तर थोडी आशा, नाही केलं तर नाही. तिला ती थोडी आशा नको होती. तिला आईकडे येऊन राहायचं होतं. म्हणून तर आईनं खोली आवरली, पलंग खिडकीशी ओढला. तुम्ही होकार दिलात, ती त्या दवाखान्यात पडून राहिली आणि तिथेच गेली. तुम्ही होकार दिलात त्या दिवशी तिनं मला लिहिलं होतं, ‘मी ह्यांना नको म्हणून सविस्तर लिहिलं. सकाळी हे हो म्हणाले. आता तू काही बोलू नकोस.’

मी बोलले नाही. पण आईला सांगितलं. तुम्ही वाचून, समजून, तिच्या मनाविरुद्ध केलंत, या एका गोष्टीवर आम्ही मायलेकी इतके दिवस काढले. ती गेली त्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे पाण्याचा पेला धरलात आणि मी तो घेतला नाही. तुम्ही तो तसाच धरून उभे होतात.

तिनं नको म्हणून लिहिलं त्या दिवशी झाकणावर काय दिसलं होतं? आठवत नसेल तर राहू द्या. आठवत असेल आणि सांगायचं नसेल तरी राहू द्या. उघडायचं की नाही ते आता तुमचं तुम्ही ठरवा. मला सांगायची लाज वाटते.

धाकटी


१० जुलै

धाकटीस,

आठवतं. मी कामावर होतो. झाकणावर होतं:

उद्या डॉक्टरांना हो म्हणू

मला वाटलं, आपण हो म्हणू, असं ती म्हणते आहे. वाक्य पुरं होतं. त्यात काहीच तुटलेलं दिसत नव्हतं.

आता उघडलं. आधी हात धुतले, का ते माहीत नाही. पाकिटावर बोट ठेवल्यावर सगळे निरोप एकाखाली एक आले. सगळे जाड अक्षरात. न वाचलेले जाड दिसतात असं दिसतं. सगळेच जाड होते. मी ती तारीख शोधली.

उद्या डॉक्टरांना हो म्हणू नका.

पुढे आणखी मजकूर आहे. मला वाचवला नाही. झाकण मिटलं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. पण तो फोनच्या आत राहील असं कधी डोक्यात आलं नाही.

तू विचारलं नाहीस तरी एक सांगतो, कारण आता हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार? ते ऑपरेशन मलाही नको होतं. डॉक्टर बोलत होते तेव्हाच मला ते नको होतं. पण दुखणं तिचं, तेव्हा ठरवावं तिनंच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ती ओळ वाचली तेव्हा वाटलं, तिला जगायची एवढी उमेद आहे आणि आपण आधीच हात टेकले. स्वतःची शरम वाटली. सकाळी मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन म्हटलं, “मग हो म्हणू.” बाकी काही बोललो नाही. वाटलं, जास्त बोललो तर मनातलं आवाजात उतरेल. तिनं मान हलवली.

एक मागतो. आईंना यातलं काही सांगू नकोस. त्यांना जे वाटतं आहे तेच वाटू दे. बायकोच्या मनाविरुद्ध निर्णय घेणारा नवरा त्यांना समजतो. असे पुष्कळ असतात. तिचा एकही निरोप झाकण उचलून न वाचणारा नवरा त्यांना कसा समजणार? मलाच समजत नाही. पहिल्या दोषाखाली मी राहू शकतो.

पेल्याचं मनावर घेऊ नकोस. मला तेव्हा कळलंही नव्हतं की तू घेतला नाहीस.

भाऊजी


१५ जुलै

भाऊजी,

मी आईला सांगितलं.

तुमचं पत्र शनिवारी आलं आणि रविवारी मी तिच्याकडे होते. न सांगायचं ठरवूनच गेले होते. ती भाजी चिरत होती आणि नेहमीसारखं तुमच्यावरून काही बोलली, काय ते लिहीत नाही. मी म्हटलं, “आई, पुरे. त्यांनी वाचलंच नव्हतं.” मग सगळंच सांगावं लागलं. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे ‘झाकण’ हा शब्द मला ओरडून ओरडून सांगावा लागला. तिला वाटलं मी डब्याबद्दल बोलतेय.

समजल्यावर तिनं विळी बाजूला सारली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, “एकही नाही?”

म्हटलं, “एकही नाही.”

“इतक्या दिवसांत झाकण उघडून बघावंसं वाटलं नाही?”

“त्यांना वाटलं ताई तेवढंच लिहिते.”

“ती? तेवढंच?” आई म्हणाली. “पोटात होती तेव्हापासून लाथा मारून सांगत होती. जावयाला काय, बायको बदलली असं वाटलं?”

मला हसू आलं, भाऊजी, माफ करा. आईला नाही आलं. तिनं चिरलेली भाजी पातेल्यात सारली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या पोरीचं बोलणं अजून तसंच पडून आहे.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “कोणी ऐकलेलं नाही.” मी म्हटलं, नाही.

मग तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं: “त्यांना म्हणावं, फोन घेऊन इकडे या. माझ्यासमोर बसून सगळं वाचा. पहिल्यापासून. मनात नाही, मोठ्यानं. मला ऐकू येईल असं.”

मी म्हटलं, मीही येते. तर म्हणते, “तू नको. तू रडशील आणि मला ऐकू यायचं नाही.”

तुम्ही नको म्हटलं होतं आणि मी सांगितलं. तुम्हाला राग आला तर तो योग्य आहे. तुमच्या प्रयोगशाळेतला योग्य.

कचेरीत मी शिंप्याला दुसरं पत्र लिहिलं. हातानं. साहेबांना दाखवलं नाही.

धाकटी


२८ जुलै

चि. धाकटीस,

रजा काढून आलो. हे पत्र आईंच्या घरून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितो आहे. त्या आत झोपल्या आहेत. दुपार आहे.

दार त्यांनीच उघडलं. या म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. फोनकडे बोट करून म्हणाल्या, “हाच का?” मी हो म्हटलं. त्यांनी तो हातात घेतला, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. म्हणाल्या, “मला तर सहज उघडता आलं.” मी चपला दाराशी काढल्या.

रोज सकाळी चहा झाला की बसतो. त्या खुर्चीवर, मी समोर स्टुलावर. मोठ्यानं वाचायची मला सवय नाही. पहिल्या दिवशी त्या सारखं “काय?” म्हणत होत्या आणि मला तोच शब्द पुन्हा म्हणावा लागत होता. आता आवाज चढतो. काल खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, भांडण तर नाही ना. आई म्हणाल्या, “नाही, मुलगी बोलतेय.” बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

तुला काही वाचलेलं कळवतो.

‘येताना दूध आणा. पिशवी नीट बघून घ्या, काल गळकी आणलीत आणि मी फरशी पुसत बसले. आणि आज पुलावरून या. लांब पडेल, पण नदीला पाणी चढलंय, लोक कठड्याशी उभे आहेत असं रेडिओवर सांगितलं. तुम्हाला पाणी बघायला आवडतं. घाई करू नका, मी ठीक आहे.’ मी त्या दिवशी सरळ घरी आलो असणार. नेहमीसारखा.

‘आज जरा बरं वाटतंय असं डॉक्टरांना खोटंच सांगितलं. बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता.’

‘शेजारीण आली होती. तासभर बसली. मला बोलता येत नाही म्हटल्यावर लोक किती बोलतात! पूर्वी मी त्यांना संधीच देत नव्हते हे आज कळलं.’ यावर आई हसल्या. एरवी मी आल्यापासून त्या हसलेल्या नव्हत्या.

‘मला तुमचा राग येत नाही, हेच मला समजत नाही. यायला हवा. सकाळी तीन गोष्टी विचारल्या, तुम्ही पहिलीचं उत्तर देऊन निघून गेलात. पण जाताना माझ्या पायाशी चप्पल सरळ करून गेलात. मग कसा येणार?’ हे वाचल्यावर आम्ही त्या दिवसाचं वाचन थांबवलं. मी थांबलो. त्या थांबायला तयार नव्हत्या.

आज वाचनात तो निरोप आला. तारखेवरून मला कालच कळलं होतं की आज येणार. आईंना सांगितलं नव्हतं. वाचायला सुरुवात केली आणि ‘उद्या डॉक्टरांना हो म्हणू’ इथे माझा श्वास संपला. आई म्हणाल्या, “अहो, पुढे.” मी म्हटलं, “नका.” त्यांना वाटलं मी त्यांना थांबवतोय. म्हणाल्या, “मला काय नका म्हणता? वाचा.” मी म्हटलं, “आई, तिनं तसं लिहिलंय. म्हणू नका.” मग त्यांना कळलं. “वाचा,” त्या पुन्हा म्हणाल्या, जरा हळू.

पुढचं असं आहे. तुझ्यासाठी उतरवून देतो.

‘उद्या डॉक्टरांना हो म्हणू नका. मला पुन्हा तिथे जायचं नाही. आईनं खोली आवरली आहे, तिकडे न्या. तिथून रस्ता दिसतो, जाणारी येणारी माणसं दिसतात, मला तेवढं पुरे. घाबरले म्हणून सांगत नाही, दमले म्हणून सांगते. पण तुम्हाला आशा वाटत असेल तर ती मोडायला मला जमणार नाही. तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, हे मागताय असं समजेन. तसं असेल तर सकाळी तोंडानं एवढंच सांगा, हो म्हणू. मी मान हलवेन. मग तो विषय पुन्हा काढू नका.’

वाचून झाल्यावर मी फोन मांडीवर ठेवला. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. आईंनी विचारलं, “मग सकाळी तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, हो म्हणू.”

“हेच शब्द?”

“हेच.”

“आणि तिनं?”

“मान हलवली.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तिचीच नजर आहे ती, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला हवं होतं का ते?”

“नाही.”

“काय?”

“नाही म्हटलं.”

“मोठ्यानं बोला हो.”

“नाही!” मी म्हटलं. “मला नको होतं! मला कधीच नको होतं!”

धाकटे, मी आयुष्यात कोणासमोर इतक्या मोठ्यानं बोललो नाही. ते जिन्यातही ऐकू गेलं असणार. तिनं माझ्यासाठी मान हलवली आणि मी तिच्यासाठी हो म्हटलं. दोघांनाही नको असलेल्या ठिकाणी आम्ही एकमेकांना नेऊन ठेवलं, आणि ती तिथे माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटे, आशेनं हसते आहे.

मला वाटलं, आता आई म्हणतील, उठा. जा. त्या उठल्या. आत गेल्या. पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवला, आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर बसल्या. मी प्यायलो.

मग मी म्हटलं, “यापुढचे ऑपरेशननंतरचे आहेत. दवाखान्यातले. ते आज राहू द्यायचे का?”

“का?” त्या म्हणाल्या. “ते तिनंच लिहिलेत ना?”

“हो.”

“मग वाचा. सावकाश वाचा. पण शेवटपर्यंत.”

भाऊजी